हा खड्डा नक्की कुठल्या थरातला?

आपल्याकडे गावाच्या जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात, आणि पांढरीत पुरातत्त्वाचं उत्खनन करणाऱ्याची पहिली डोकेदुखी ही की तिथे सगळंच मातीचं, भिंत मातीची, जमीन मातीची आणि भिंत पडली की तिचा ढिगारा पण मातीचाच. रंगात जरासा फरक, कुठे माती थोडी भुसभुशीत, बस्स. तेही ओल आहे तोवर, दुपारी ऊन चढलं की सगळं एकसारखं.

चूल, खड्डा, खांबाचं भोक, दफन, हे सगळे फीचर्स, म्हणजे जागेवरून उचलून नेता न येणाऱ्या माणसाच्या खुणा. खापर पिशवीत भरून नेता येतं, खड्डा कसा नेणार? खणला की गेला, उरते फक्त त्याची नोंद.

1922 नंतर मोहेंजोदडोत एवढं मोठं काम झालं पण तिथे वस्तू ठरलेल्या पातळीपासून किती फूट खाली सापडली यावरच सगळा भर होता. आता वस्ती काय टेबलासारखी सपाट असते का? उतारावर एकाच काळातली जमीन एका टोकाला बरीच खाली जाते, आणि नंतरच्या कुणी धान्यासाठी पेव खणलं तर त्यात पडलेलं नवं खापर जुन्या थराच्या पातळीला मिळणार. 1944 ला मॉर्टिमर व्हीलर पुरातत्त्व खात्याचे प्रमुख म्हणून आले ते यावर जाम वैतागले, तक्षशिलेला त्यांनी पोरांना ट्रेनिंग दिलं, चौकोनी ट्रेंच घ्यायचे, मधे न खणलेली भिंत म्हणजे बाल्क ठेवायची आणि थर तिच्या बाजूवर वाचायचे. आपले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तर त्याआधीच इंग्लंडमध्ये व्हीलरच्याच उत्खननावर शिकून आले होते, त्यामुळे डेक्कन कॉलेजात ही पद्धत रुजली.

खरी कसोटी लागली इनामगावला, पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी, 1968 ते 1983. ताम्रपाषाणकाळातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरायचे त्या काळातली, 130 च्या वर घरं मिळाली, पण घर म्हणजे काय तर चोपलेली जमीन आणि कडेने खांबांची भोकं. त्यातली कुठली खांबाची आणि कुठली उंदराची हे आधी ठरवा. शेवटच्या टप्प्यात झोपड्या गोल झाल्या असं म्हणतात, पण कणगीखालचे ओटे पण गोलच की! लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून घरातल्या जमिनीखाली पुरायचे, तिथे खड्ड्यावर सारवण अखंड आहे का खड्ड्याने ते कापलंय यावर दफन कुठल्या काळातलं ते ठरणार, आणि तो पातळसा पापुद्रा घाईत खरवडला की विषय संपला. त्यात काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, वरचा मणी सरळ खाली.

1970 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिसने खड्डा खणणं ही वेगळी घटना धरून तिला स्वतःचा नंबर द्यायचा हे पुढे आणलं. मला हे फार पटतं, कारण खड्डा खणणं आणि खड्डा भरणं यात शंभर वर्षं पण जाऊ शकतात.

नावाचा घोळ मात्र नंबराने सुटत नाही. राजस्थानात कालीबंगनला 1960 ते 69 मध्ये ओळीने मातीचे खड्डे मिळाले, राख, कोळसा, मधे उभा खुंट, त्यांना अग्निवेदी म्हटलं गेलं. काहींना त्या साध्या चुली वाटतात. सविस्तर अहवालाचा पहिला भाग 2003 ला आला, आणि हडप्पाकालीन वस्तीचा, म्हणजे हे खड्डे ज्या काळातले तो, 2015 ला, तोपर्यंत सगळा वाद थोडक्यात छापलेल्या माहितीवर आणि फोटोंवर चालला.