औद्योगिक शाळांतली मुले आता ऐंशीच्या उंबरठ्यावर

विसाव्या शतकात आयर्लंडमधली हजारो मुले न्यायालयाच्या आदेशाने ‘औद्योगिक शाळां’त गेली. घरची गरिबी किंवा शाळेला दांडी एवढे कारण पुरत असे. शाळा कॅथलिक धर्मसंघ चालवत आणि खर्चाला पैसे सरकार देई. तिथली मारहाण, उपासमार आणि लैंगिक अत्याचार सरकारी चौकशी आयोगाच्या २००९च्या पाच खंडांच्या ‘रायन अहवाला’त नोंदले आहेत. पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी ११ मे १९९९ रोजी सरकारच्या वतीने माफी मागितली, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय समुपदेशन सेवा सुरू झाली. ती मोफत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, स्वतः फोन करून नाव नोंदवता येते. ही सोय वाटते त्यापेक्षा मोठी आहे, कारण लहानपणी ज्यांचा प्रत्येक निर्णय दुसऱ्याने घेतला, त्यांना इथे पहिले पाऊल स्वतःच्या मर्जीने टाकता येते.

त्याच चौकशी आयोगासाठी मानसशास्त्रज्ञ ॲलन कार यांच्या गटाने अशा संस्थांत वाढलेल्या २४७ जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचे सरासरी वय साठीच्या आसपास होते. ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांना आयुष्यात कधी ना कधी निदान करण्याजोगा मानसिक आजार झालेला होता. त्यात चिंताविकार, नैराश्य आणि व्यसन ठळक होते.

एखाद्या अपघाताच्या धक्क्याहून हे दुखणे वेगळे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणात त्याला ‘गुंतागुंतीचा आघातोत्तर ताण’ अशी स्वतंत्र जागा आहे. घटना पुन्हा समोर घडत असल्यासारखी वाटणे, तिची आठवण करून देणारे सारे टाळणे, सतत सावध राहणे ही नेहमीची तीन लक्षणे त्यात असतातच. शिवाय भावना आवरत नाहीत, स्वतःविषयी घृणा वाटते आणि नाती टिकत नाहीत. ज्याच्याकडे धावत जायचे तोच मारणारा निघाला, तर मुलाला सुरक्षित माणूस कसा ओळखायचा हेच शिकायला मिळत नाही.

म्हणून समुपदेशक बहुधा थेट आठवणींना हात घालत नाहीत. आधी झोप, दारू, घर, रोजचे वेळापत्रक आणि भीतीचा झटका आला की काय करायचे, एवढ्यावर काम होते. मग आठवणी, शेवटी नाती. पहिला टप्पा सर्वांनाच लागतो का, यावर संशोधकांत वाद आहे. तो लांबवत बसणेही बरे नाही. पण विश्वास बसण्याआधी तपशील उकरले, तर माणूस पुढच्या भेटीला येतच नाही, हा धोका खरा आहे.

हेच भान भरपाईच्या यंत्रणेत कमी पडले. २००२च्या कायद्याने नेमलेले मंडळ गुण मोजायचे: अत्याचाराच्या तीव्रतेला २५, प्रमाणित आजाराला ३०, मानसिक-सामाजिक परिणामांना ३० आणि हुकलेल्या संधींना १५. पंचविसाच्या आत गुण पडले तर ५० हजार युरोपर्यंत, सत्तर किंवा अधिक पडले तर दोन ते तीन लाख. हिशेब नेटका होता, पण तो लागायला जखम पुराव्यानिशी मांडावी लागे. वर संस्था किंवा व्यक्ती ओळखू येईल असा अर्जाचा वा रकमेचा तपशील प्रसिद्ध करणे कायद्याने गुन्हा. गप्प बसण्याची सक्ती या लोकांना नवी नव्हती.

पुढे धर्मसंघांच्या ११ कोटी युरोंच्या निधीतून ‘कॅरानुआ’ ही संस्था आली. २०१४पासून ती घरदुरुस्ती, उपचार आणि शिक्षणासाठी मदत देऊ लागली. रोख नव्हे, सेवा. त्यासाठी खर्चाचे अंदाजपत्रक आणि कागदपत्रे लागत, आणि शाळाच धड न मिळालेल्या माणसांना ती गोळा करावी लागत. २०१६मध्ये माणशी १५ हजार युरोंची मर्यादा आली. २०१८मध्ये नवे अर्ज बंद झाले. आधी भरपाई मिळालेल्यांनाच दार उघडे होते. ज्यांची मंडळाकडची मुदत हुकली, ते इथेही बाहेरच राहिले.

आता प्रश्न म्हातारपणाचा आहे. रांगेतल्या खाटा, ठरलेल्या वेळी जेवण, दुसऱ्याच्या हातून अंघोळ, अशा वृद्धाश्रमातल्या साध्या गोष्टींनी जुनी शाळा परत येते. स्मृतिभ्रंशात नजीकच्या आठवणी आधी पुसतात, बालपणाच्या जास्त टिकतात, त्यामुळे हे आणखी अवघड होते. घरीच मदतनीस आणि परिचारिका मिळणे इथे चैन नसून उपचाराचाच भाग आहे. कोणाला वृद्धाश्रमात जावेच लागले, तर दार आतून बंद करता येणे, अंगाला हात लावण्याआधी विचारणे आणि मदतनीस तोच ठेवणे या गोष्टी उपयोगी पडतात.

सरकारने २०२३मध्ये मांडलेल्या योजनेत घरपोच सेवांचे आरोग्यकार्ड होते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या अनेकांना ते वापरता येणार नव्हते, म्हणून परदेशस्थांसाठी एकरकमी ३,००० युरो ठेवले गेले. दीर्घकाळच्या घरपोच सेवेपुढे ही रक्कम तोकडीच आहे.