फिल्मच्या सांध्यासाठी चिकटपट्टी निवडताना

चित्रपटाची तुटलेली किंवा संपादनासाठी कापलेली फिल्म पूर्वीपासून दोन रीतींनी जोडली जाते: द्रावकाने किंवा चिकटपट्टीने. पहिल्या रीतीत एका टोकावरचे इमल्शन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर, खरवडून तेथे फिल्म सिमेंट, म्हणजे द्रावक, लावतात. त्याने आधारपट्टीचा, म्हणजे इमल्शनखालच्या पारदर्शक पट्टीचा, पृष्ठभाग विरघळतो आणि दुसरे टोक त्यावर दाबले की दोन्ही एकजीव होतात. हा सांधा पक्का असतो, परंतु तो सेल्युलोजपासून बनलेल्या नायट्रेट व ॲसिटेट फिल्मलाच लागू पडतो, शिवाय खरवडण्यात एखादी चौकट (फ्रेम) गमवावी लागते. म्हणून निगेटिव्हसाठी सिमेंट आणि संपादकाच्या टेबलावरील प्रिंटसाठी, जिचा आजचा जोड उद्या पुन्हा उघडायचा असतो, चिकटपट्टी अशी वाटणी रूढ झाली. पॉलिएस्टर फिल्म मात्र या द्रावकांना दाद देत नाही. तिला चिकटपट्टीने जोडावे लागते, नाहीतर अल्ट्रासॉनिक यंत्राने वितळवून.

पट्टी पारखताना बहुतेक जण तिला बोट लावून ती किती चिकट आहे हे पाहतात. ही परीक्षा दिशाभूल करणारी आहे. दाबताच चिकटणारा गोंद हा धड घन नसतो आणि धड द्रवही नसतो: झटका बसला तर तो घनासारखा वागतो, पण थोडाच भार दीर्घकाळ राहिला तर अतिशय दाट पाकासारखा हळूहळू वाहतो. प्रोजेक्टरमध्ये फिल्म सेकंदाला २४ वेळा ओढली जाते व थांबवली जाते. हे झटके सामान्य पट्टीही बहुधा निभावून नेते. खरी कसोटी लागते ती घट्ट गुंडाळलेल्या रिळात, जेथे ताण सौम्य असला तरी तो वर्षानुवर्षे सुटत नाही. तेथे मऊ गोंद सरकू लागतो, जोडाच्या दोन टोकांमध्ये फट पडते आणि कडेने पाझरलेला गोंद वरच्या-खालच्या वेढ्यांना चिकटतो. तेव्हा बोटाला किती चिकटते यापेक्षा गोंदाची आतली पकड किती आहे, हे पाहिले पाहिजे. ज्यांच्या रेणुसाखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी जोडलेल्या असतात, असे ॲक्रिलिक गोंद या बाबतीत सरस ठरतात.

घरातल्या जुन्या पद्धतीच्या सेलोटेपचा दोष यावरून समजतो. रिचर्ड ड्रू यांनी १९३० साली अमेरिकेतील ३एम कंपनीत ही पारदर्शक पट्टी आणली तेव्हा तिचा आधार सेलोफेनचा आणि गोंद रबराचा होता. सेलोफेन हवेतला ओलावा शोषून फुगतो व सुकला की आक्रसतो. रबराचा गोंद हवेतील ऑक्सिजनमुळे आधी पातळ व तेलकट होतो, मग पिवळा पडून कडक होतो आणि शेवटी पट्टी गळून पडते, डाग तेवढा फिल्मवर राहतो. फिल्मसाठी बनवलेल्या पट्टीचा आधार पातळ पॉलिएस्टरचा, साधारण २५ मायक्रॉन जाडीचा असतो, कारण प्रोजेक्टरच्या गेटमधून, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडतो त्या अरुंद खाचेतून, जाताना सांधा जाड झाला तर चित्र उडी मारते आणि क्षणभर धूसर होते. दीर्घकाळ जपायच्या फिल्मसाठी आणखी एक अट घालावी: चांदीच्या किंवा रंगीत प्रतिमेवर सामग्रीचा रासायनिक परिणाम होतो का, हे तपासणारी आयएसओ १८९१६ ही चाचणी त्या पट्टीने पार केलेली असावी.

फिल्मच्या कडेला यंत्राचे दात अडकण्यासाठी असलेल्या छिद्रांचा प्रश्न वेगळा. इटालियन संपादक लिओ कातोझ्झो यांच्या स्प्लायसरमध्ये, म्हणजे फिल्म जोडण्याच्या यंत्रात, साधी सलग पट्टी लावून मूठ दाबली की तीच पट्टी कापते आणि तिच्यात छिद्रेही पाडते. त्यामुळे स्वस्त व सोयीचे असे हे यंत्र संपादकांच्या आवडीचे झाले. आधीच छिद्रे पाडलेली पट्टी साध्या साच्यावर हाताने बसवता येते, पण जुन्या, आकसलेल्या ॲसिटेट फिल्मवर ती फसवते. १६ मिलिमीटर फिल्मवर लगतच्या दोन छिद्रांमधले प्रमाण अंतर ७.६२ मिलिमीटर असते. फिल्म एक टक्का आकसली तर चार अंतरांत सुमारे ०.३ मिलिमीटरचा फरक पडतो. छिद्राची उंचीच १.२७ मिलिमीटर असल्याने पट्टीची कड छिद्रात डोकावते आणि यंत्राचा दात तिला ओरबाडतो. अशा फिल्मवर कापाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी एकच चौकट झाकणारी अरुंद पट्टी घ्यावी व ती बरोबर मध्यावर बसवावी, म्हणजे फरक दोन्हीकडे वाटला जातो.

मुद्रित प्रिंटला पट्टी दोन्ही बाजूंनी लावणे उत्तम, कारण एकाच बाजूची पट्टी असली की सांधा बिजागरीसारखा दुमडतो. चुंबकीय ध्वनिपट्टीला मात्र ती फक्त पाठीमागून लावतात. ध्वनी नोंदलेल्या ऑक्साइडच्या थराच्या बाजूला पट्टी आली तर वाचनशीर्ष आणि ध्वनी यांच्यात अंतर पडून आवाज बसतो. लावल्यावर पट्टी गुळगुळीत हाडाच्या किंवा प्लास्टिकच्या पातीने घासावी. अडकलेली हवा निघून गोंद पृष्ठभागाला पूर्ण भिडला की दुधाळ दिसणारा भाग स्वच्छ पारदर्शक होतो. ठिपके उरले असतील तर तेथे गोंद लागलेलाच नाही असे समजावे. पट्टी पुढे काढावी लागली तर इमल्शनच्या बाजूने ती हळू, जवळजवळ फिल्मला समांतर, उलट दुमडून ओढावी. सरळ वर उचलली तर जिलेटिनचा थर, म्हणजे चित्रच, तिच्याबरोबर निघून येऊ शकते.