गळिताच्या हंगामात रोलर बदलत नाहीत

खंडेनवमीला कोल्हापूरच्या उद्यमनगरात यंत्रांना सुट्टी. लेथला झेंडूची माळ, पान्यांना हळदकुंकू. मशीन बंद आहेत तोवर उरकावं म्हणून मी ओळखीच्या एका वर्कशॉपमधला कॉम्प्युटर डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या 12 वरून 13 व्या आवृत्तीवर नेला. दसरा झाला, काम सुरू झालं आणि कास्टिंगची वजनं नोंदवायचं पानच उघडेना. मालक म्हणाले, "परवापातुर चालत हुतं की रे!"

लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, कारण लिहिलेलं होतं: 'सीजीआय' नावाचं मॉड्यूल सापडत नाही. पानामागचा प्रोग्रॅम पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे, आणि सीजीआय हा फॉर्ममधली माहिती वाचायला तिच्यासोबत मिळणारा तयार भाग. डेबियन 12 मध्ये पायथॉन 3.11 आहे, 13 मध्ये 3.13. या 3.13 मधून जुनी 19 मॉड्यूलं काढून टाकली, त्यात सीजीआयही गेलं. जुना लॉग चाळला तर 3.11 आधीपासून बजावत होतं, हे मॉड्यूल 3.13 मध्ये काढणार आहे. ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती.

ही झाली एका कॉम्प्युटरची गोष्ट. डेबियनमध्ये पायथॉनवर उभी असलेली पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअरं, हजारोंनी आहेत. तिथं नवं व्हर्जन कधी घ्यायचं, हे ठरवतात कसं?

पायथॉनचं नवं व्हर्जन दर ऑक्टोबरला येतं. पण ते आलं म्हणून लगेच घेता येत नाही. बऱ्याच लायब्रऱ्यांचा (इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडचा) काही भाग सी भाषेत लिहिलेला असतो आणि तो बहुधा त्या त्या व्हर्जनपुरताच कंपाइल झालेला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवलेला असतो. 3.11 साठी बनवलेला भाग 3.13 ला चालत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना हे सांगावं लागणार नाही: पॅटर्नचं माप बदललं की जुना कोअर, म्हणजे पोकळीसाठीचा वाळूचा गाभा, साच्यात बसत नाही. म्हणून डेबियनवाले आधी नवं व्हर्जन जुन्याच्या शेजारी ठेवतात. असा सी भाग असलेली सगळी पॅकेजं दोन्हींसाठी पुन्हा बांधतात, चाचण्या चालवतात, मोडेल ते दुरुस्त करतात. यातही क्रम असतो. नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी तयार झाल्याशिवाय तिच्यावर उभी असलेली सायपाय ही लायब्ररी बांधता येत नाही. एवढं झाल्यावर 'पायथॉन3' हे नाव नव्या व्हर्जनकडे वळवतात आणि मग जुनं काढतात.

आणि हे सगळं फ्रीझच्या आधी, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी मोठे बदल थांबवतात त्याच्या आधी, उरकलं पाहिजे. साखर कारखान्यात बॉयलर पेटला, मोळी पडली की मिलचा रोलर कोणी हौसेनं बदलत नाही. गाड्या गव्हाणीपुढं उभ्या, ऊस वाळतोय, उतारा घटतोय. रोलरचं काम हंगाम संपल्यावरचं. डेबियनचा फ्रीझ सुरू झाला की भाषेचं व्हर्जन असंच हात न लावण्याची गोष्ट होते, कारण त्या एका बदलानं शेकडो पॅकेजं पुन्हा बांधावी लागतात.

डेबियन 12 च्या वेळी हा पेच अगदी टोकाला आला होता. पायथॉन 3.11 आलं 24 ऑक्टोबर 2022 ला, आणि फ्रीझचा पहिला टप्पा होता 12 जानेवारी 2023 ला. मध्ये अडीच महिने. 3.10 वर थांबणं सोपं होतं. तरी 3.11 घेतलं, आणि माझ्या मते ते बरोबरच केलं. वेग सरासरी 25 टक्के वाढला होता, पण मला दुसरं कारण जास्त वजनाचं वाटतं. प्रत्येक व्हर्जनला पाचच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. डेबियनची आवृत्ती एकदा बाहेर पडली की तिच्यातलं पायथॉन शेवटपर्यंत तेच राहतं. एक व्हर्जन मागं राहणं म्हणजे पुढं वर्षभर भोकं स्वतः बुजवत बसणं. पायथॉन 3 डिसेंबर 2008 मध्ये आलं आणि पायथॉन 2 थांबलं 1 जानेवारी 2020 ला. त्या अकरा वर्षांत 'पुढं बघू' म्हणणाऱ्यांचं काम शेवटी एकदमच अंगावर आलं.

वर्कशॉपचं पान त्याच संध्याकाळी सुरू झालं. फॉर्ममधली वजनं सीजीआयशिवाय वाचायला चार-पाच ओळी बदलाव्या लागल्या. आता तिथला प्रोग्रॅम मी माझ्या लॅपटॉपवर पुढच्या व्हर्जनवरही चालवून बघतो, इशारे दाखवायचा पर्याय चालू ठेवून.