व्हेंटिलेटर लावला म्हणजे माणूस गेल्यात जमा?

‘एकदा नळी घातली की माणूस परत येत नाही.’ आयसीयूबाहेर हे इतकं ऐकू येतं की नातेवाईक संमतीची सही करायलाच कचरतात. गल्लत सरळ आहे: व्हेंटिलेटर लागतो तोच मुळात अत्यवस्थ रुग्णाला. त्यांच्यात मृत्यू जास्त दिसतात ते प्रामुख्याने आजारामुळे. यंत्र दुखणं बरं करत नाही, औषधं लागू पडेपर्यंत श्वास सांभाळतं.

भीती अगदीच निराधार मात्र नाही. हवेचा जास्त दाब फुप्फुसांना इजा करतो. फुप्फुसं सुजून त्यांत पाणी भरतं, अशा एआरडीएसच्या ८६१ रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. एका गटाला प्रत्येक श्वासात वजनाच्या किलोमागे १२ मिलिलिटर हवा, दुसऱ्याला फक्त ६. मृत्यूंचं प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. गंमत म्हणजे हे वजन काट्यावरचं नव्हे, उंचीवरून काढलेलं. पोट सुटलं म्हणून फुप्फुसं थोडीच वाढतात!

सगळेच वाचतात असं नाही, आणि वाचलेल्यांनाही अशक्तपणा बरेच दिवस पुरतो. पण नळी कायमची नसते. प्रकृती स्थिरावली की गुंगीचं औषध कमी करून, यंत्राचा आधार अर्धा ते दोन तास जवळजवळ काढून, रुग्ण स्वतः श्वास घेतो का हे पाहतात. डॉक्टरांना खुशाल विचारा, ‘आज ही चाचणी घेतली का?’