ईटी कमी, तरी हरला कसा?

कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डजवळच्या फमोसो ट्रॅकवर १९५९ पासून मार्च मीट ही ड्रॅग रेसिंगची, म्हणजे दोन-दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतींची, स्पर्धा भरते. जुन्या धाटणीच्या ड्रॅग गाड्यांचं वेड लागायला तिथला एक दिवस पुरतो. पण नवख्या मित्राला घेऊन गेलं की दुपारपर्यंत तोच प्रश्न येतो: “त्याला ९.६२ सेकंद लागले, याला ९.६९. मग हा जिंकला कसा? घड्याळ बिघडलंय का?”

घड्याळ बिघडलेलं नसतं. ईटी (इलॅप्स्ड टाइम, म्हणजे गाडीला अंतर कापायला लागलेला वेळ) आणि रिअ‍ॅक्शन टाइम यांची गल्लत झालेली असते. जाणत्यांच्या लिखाणातही ती वारंवार दिसते आणि मला फार खटकते.

शंभर मीटरची धाव सगळ्यांना ठाऊक आहे. पिस्तूल वाजलं की घड्याळ सुरू. २००९ साली बर्लिनला उसेन बोल्टने ९.५८ ची वेळ दिली, तिच्यात त्याचे सुरुवातीचे ०.१४६ सेकंदही धरलेले आहेत. तिथे ज्याची वेळ कमी तो पहिला.

ड्रॅग रेसिंगमध्ये हिरवा दिवा लागला तरी ईटीचं घड्याळ सुरू होत नाही. पुढचं चाक स्टार्ट लाइनवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडलं की ते सुरू होतं आणि पाव मैलावर, म्हणजे ४०२ मीटरवर, थांबतं. हिरवा दिवा लागल्यापासून चाक किरणातून सुटेपर्यंतचा वेळ म्हणजे रिअ‍ॅक्शन टाइम. तो ईटीत मोजलाच जात नाही. हिरवा लागल्यावर पाच सेकंद जागेवर थांबलात तरी ईटी चांगलीच येईल, पण शर्यत केव्हाच गेलेली असेल.

आता वरचीच शर्यत घ्या. पहिल्याचा रिअ‍ॅक्शन टाइम ०.१२०, ईटी ९.६२, बेरीज ९.७४. दुसऱ्याचा ०.०३०, ईटी ९.६९, बेरीज ९.७२. दुसरा ०.०२ सेकंद आधी पोचला. याला होलशॉट म्हणतात.

नॉस्टॅल्जिया रेसिंगमध्ये, म्हणजे जुन्या धाटणीच्या गाड्यांच्या शर्यतींत, हे जास्तच जाणवतं, कारण तिथले बरेच वर्ग इंडेक्सवर, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान ईटीवर, चालतात. सी/गॅस या वर्गाचा इंडेक्स ९.६०. त्याहून कमी ईटी काढली तर ब्रेकआउट, आणि आधी पोचूनही सहसा हार. सगळेच ९.६० च्या आसपास गाडी लावतात, मग फरक उरतो तो सुटण्यात.

म्हणून नवख्याने पहिला पैसा इंजिनात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी ट्रीवर, म्हणजे स्टार्ट लाइनवरच्या दिव्यांच्या खांबावर, हात बसवावा. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात, मग हिरवा. हिरवा दिसल्यावर सुटलात तर उशीर झाला; शेवटच्या पिवळ्यावरच सुटायचं. फार आधी सुटलात तर लाल दिवा, आणि शर्यत तिथेच संपली. गाडी किरणात आणखी पुढे सरकवून उभी केली, म्हणजे डीप स्टेज केली, तर रिअ‍ॅक्शन टाइम घटतो, पण ईटी थोडी वाढते. दोन्ही आकडे वेगळे असल्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

ताशी मैलांचा आकडा शेवटच्या ६६ फुटांतला असतो. जिंकण्या-हरण्याशी त्याचा संबंध नाही.

टाइम स्लिप, म्हणजे शर्यतीनंतर मिळणारी आकड्यांची चिठ्ठी, हातात आली की सगळे शेवटची ओळ शोधतात. तुम्ही पहिली वाचा. रिअ‍ॅक्शन टाइम तिथेच छापलेला असतो.