एसजीपीटी की एसजीओटी, वाढलंय नक्की काय?

एलएफटीचा, म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्टचा, रिपोर्ट आला की आपण आधी ठळक छापलेले आकडे शोधतो आणि मग घरी सांगतो काय तर "माझं ते एसजी काहीतरी वाढलंय". त्यात काही लॅब जुनी नावं छापतात काही नवी, म्हणजे एसजीपीटी तेच एएलटी आणि एसजीओटी तेच एएसटी. टेस्ट चार नाहीत, दोनच आहेत.

दोन्ही एन्झाईम पेशीच्या आत काम करतात, पेशीला इजा झाली की गळून रक्तात जास्त येतात आणि तेच मोजलं जातं. इथपर्यंत दोघं सारखे. पण एसजीपीटी मुख्यतः लिव्हरमध्येच असतं, एसजीओटी मात्र हृदयात, हातापायाच्या स्नायूंत, किडनीत, लाल रक्तपेशींत, सगळीकडे. १९५४ च्या सुमारास तर एसजीओटी हार्ट अटॅक ओळखायला वापरायला लागले होते! त्यामुळे एसजीओटी एकटंच वाढलं असेल तर लगेच लिव्हरवर आळ घेऊ नका. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी ते वाढतं, आणि जिममध्ये जोर काढून दुसऱ्या दिवशी टेस्ट केली तरी (हा उद्योग मी केलाय, घाबरून अर्धा झालो होतो, मग सीपीके, म्हणजे स्नायूंतलं एन्झाईम, ते पण वाढलेलं निघालं तेव्हा कळलं की स्नायूंचं आहे). अशा व्यायामाने एसजीपीटीसुद्धा थोडं वर जातं बरं का.

दोन्ही वाढले असतील तर खरी गंमत पुढे कोण आहे त्यात आहे. फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला बहुधा एसजीपीटी पुढे असतं. दारूमुळे लिव्हर बिघडलं असेल तर उलट, एसजीओटी बऱ्याचदा दुप्पट किंवा जास्त, आणि तरी आकडे सहसा ३०० च्या आतच. एसजीओटी पुढे दिसण्याचं एक कारण म्हणजे दारू पिणाऱ्यांमध्ये बी ६ व्हिटॅमिन कमी पडतं आणि ते नसलं की एसजीपीटी जास्तच खाली दिसतं. व्हायरल हिपॅटायटिसमध्ये दोन्ही हजारांत जाऊ शकतात. फॅटी लिव्हरवाल्याचं एसजीओटी हळूहळू एसजीपीटीच्या पुढे जायला लागलं तर मात्र डॉक्टर फायब्रोसिस (लिव्हरमध्ये व्रण साठून ते कडक होणं) आहे का बघतात, तिथे दुर्लक्ष नको.

रिपीट टेस्टमध्ये एसजीओटी आधी उतरतं, रक्तातून ते लवकर निघून जातं, एसजीपीटी रेंगाळतं, म्हणून एक उतरलं एक नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

आणि लोक याला लिव्हर "फंक्शन" म्हणतात ते मला कधीच पटलं नाही. हे दोन आकडे इजा सांगतात, लिव्हर काम किती करतंय ते अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन), बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) वरून कळतं. सिऱ्हॉसिस, म्हणजे फायब्रोसिसची शेवटची पायरी, झालेल्या माणसाचं एसजीपीटी अगदी ३० येऊ शकतं.