विद्यार्थी वसतिगृहे, कोल्हापूर

राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) पाठबळावर कोल्हापुरात १९०१ पासून उभी राहिलेली, शिकणाऱ्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय करणारी वसतिगृहे. गावात त्यांना आजही ‘बोर्डिंग’च म्हणतात: मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. त्यांच्यामुळेच कोल्हापूरला ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ म्हटले जाते. शाहूंची ओळख बहुधा १९०२ च्या राखीव जागांच्या हुकमापासून करून दिली जाते. पण पहिले बोर्डिंग त्या हुकमाच्या आधीचे आहे, आणि हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय शाहूंचे काम नीट उमगत नाही.

शाहूंनी २ एप्रिल १८९४ रोजी कोल्हापूर संस्थानाचा राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनांच्या ५०० जागांत ब्राह्मणेतर अवघे १०. शाळेची दारे कागदोपत्री सर्वांना उघडी असताना असे का झाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी जेवणात सापडते. हायस्कूल आणि राजाराम कॉलेज शहरात, मुलगा खेड्यात. परगावच्या गरीब ब्राह्मण मुलाला ‘वार लावून’ जेवता येई. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार ठरले की पोटाची चिंता मिटे. नाहीतर माधुकरी होतीच, आणि पथारी टाकायला एखादी ओसरी किंवा देऊळ मिळे. ही सोय कष्टाची आणि अनेकदा मानहानीची होती, पण होती. भुदरगड किंवा पन्हाळ्याकडच्या कुणब्याच्या मुलाला असे वार कोण देणार? महाराच्या किंवा चांभाराच्या मुलाला तर शहरात घोटभर पाणी मागायलाही दार नव्हते. फी माफ करून किंवा शिष्यवृत्ती देऊन हा पेच सुटण्यासारखा नव्हता. पैसे हातात असले तरी खोली आणि ताट जातीवर अडत होते.

शाहूंचा पहिला प्रयत्न सर्वांसाठी एकच वसतिगृह काढण्याचा होता. राजाराम कॉलेजला जोडून १८९६ मध्ये ते सुरू झाले आणि काही वर्षांतच तिथे जवळजवळ फक्त ब्राह्मण विद्यार्थी उरले. कॉलेजपर्यंत पोचलेली मुले मुळात त्याच समाजातली, व्यवस्थापनही त्यांच्याच हाती. शिवाय त्या काळात सोवळेओवळे पाळणाऱ्यांच्या पंगतीला सर्व जातींची मुले बसवणे हुकमाने होणारे नव्हते. वसतिगृह मोडते ते बहुधा स्वयंपाकघरात: चूल कोणाची, पाणी कोणी भरायचे, वाढायचे कोणी, या प्रश्नांवर.

तेव्हा महाराजांनी वाट बदलली. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत वसतिगृह. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचे नाव दिले. दैवज्ञ आणि नामदेव शिंपी समाजाची वसतिगृहेही त्याच वर्षीची. पुढे पांचाळ (१९१२), सारस्वत आणि इंडियन ख्रिश्चन (१९१५), ढोर-चांभार (१९१९) अशी भर पडत गेली. १९२० चे प्रिन्स शिवाजी फ्री मराठा बोर्डिंग हे १९१८ मध्ये शिकारीतील अपघातात गेलेल्या धाकट्या राजपुत्राच्या नावाचे.

उभारणीची रीत साधारण ठरलेली होती. एखाद्या समाजातील शिकलेली, कर्ती माणसे पुढे करायची आणि त्यांची कमिटी करायची. जागा दरबारने द्यायची. इमारतीला काही मदत दरबारची, बाकी वर्गणी समाजाची. खर्चाला दरसाल अनुदान किंवा उत्पन्न लावून द्यायचे आणि रोजचा कारभार सुपरिंटेंडेंटकडे सोपवायचा. जातवार वसतिगृहांमागचा व्यवहार इथे दिसतो. आपल्या मुलांसाठी म्हटले की व्यापारी, इनामदार, वतनदार थैली सैल करीत. सर्वांसाठी म्हटले की कोणीच करीत नसे. मुस्लिम समाजाच्या शिक्षणासाठीच्या संस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले होते.

२६ जुलै १९०२ च्या ‘करवीर गॅझेट’मधील हुकूम या पार्श्वभूमीवर वाचावा. मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवाव्यात आणि ज्या कचेरीत त्यांचे प्रमाण त्याहून कमी असेल तिथे पुढची नेमणूक त्या वर्गातूनच करावी, असे त्यात आहे. हुकमानंतर झालेल्या नेमणुकांचे पत्रक दर तिमाहीला पाठवण्याची सक्तीही आहे. हुकूम काढता येतो, पण इंग्रजी लिहिणारा कारकून हुकमाने तयार होत नाही. तो बोर्डिंगमध्ये घडवावा लागला. १९१२ पर्यंत ९५ अधिकाऱ्यांपैकी ब्राह्मण ३५ राहिले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठरला.

या योजनेचे दुखणे तिच्या रचनेतच होते. जातीच्या नावाने काढलेले घर जातीचे नियमही पाळते. जैन बोर्डिंगमधला एक प्रसंग यासाठी पाहण्यासारखा आहे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला कुंभोजचा एक विद्यार्थी जाऊन आला. तिथे अस्पृश्यांचा स्पर्श झालेला, म्हणून आंघोळ करून मगच आत ये, असा आग्रह धरला गेला. त्याने आंघोळ करायचे नाकारले. शेवटी त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हा विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकाच चुलीवर चालणारे वसतिगृह सुरू केले. पोरांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिनेच काय, मंगळसूत्रही विकले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळाले. १८९६ मध्ये कोल्हापुरात जे साधले नव्हते, ते साताऱ्यात साधले. आणि ते साधणारा माणूस कोल्हापूरच्या बोर्डिंगनेच घडवला होता, त्याला बाहेर काढूनही.

बोर्डिंगची कल्पना संस्थानाबाहेरही गेली. नाशिकला १९२० मध्ये उदाजी मराठा वसतिगृहाला शाहूंचे साहाय्य होते. त्याच वर्षी मार्चमध्ये अस्पृश्यांच्या माणगाव परिषदेत शाहू आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले. पुढे आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. एक उणीव मात्र स्पष्ट नोंदवायला हवी: ही बहुतेक सारी घरे मुलग्यांची होती. खेड्यातल्या मुलीला शहरात खोली मिळण्यासाठी आणखी फार वाट पाहावी लागली.

यांतील अनेक संस्था आजही चालू आहेत. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग आणि लिंगायत समाजाचा चित्रदुर्ग मठ दसरा चौकात, शाहूंच्या पुतळ्याच्या आसपासच आहेत. अलीकडच्या महापुरांत पंचगंगेचे पाणी वस्तीत शिरले, तेव्हा घर सोडून आलेल्या कुटुंबांच्या राहण्याजेवणाची व्यवस्था चित्रदुर्ग मठात झाली होती.